आजोबांचा दीड तोळा

आजोबांचं घरगुती औषधांचं पुस्तक, शके १८५२ ची छपाई, २१२ पानं. पुण्यातल्या एका स्कॅनिंगवाल्यांकडे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर शोधता-बदलता येईल अशा मजकुरात, करायला दिलं होतं. पानाला १८ रुपये, मुद्रितशोधनासकट. दुकानाचं नाव लिहीत नाही, माणसं भली आहेत.

स्कॅन सुरेख. शिवण उसवलेली नाही, तांबूस पडलेली पानंही स्वच्छ उतरलीत. साध्या मजकुरात चुका थोड्याच. घोटाळा आहे तो आकड्यांत आणि तिरप्या ठशांत.

जुन्या छपाईत सव्वा म्हणजे १।, दीड म्हणजे १।।; एक उभी रेघ म्हणजे पाव. स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला ती रेघ कुठे दंड वाटली, कुठे एकचा आकडा. म्हणून ‘हिरडा १।। तोळा’ एका पानावर नुसता ‘१ तोळा’ झाला आणि दुसऱ्यावर चक्क ‘१११ तोळा’! २ चा ‘र’ झाला तर निदान खुपतो. ‘सुंठ र मासे’ (मासा हे जुनं वजन) कोण सोडेल? पण १ चा ९ झाला की वाक्य गुळगुळीतच राहतं. ‘१९ मासे’ वाचून मी थबकले ते हिशेबामुळे. बारा माशांचा तोळा, मग आजोबांनी ‘१ तोळा ७ मासे’ नसतं का लिहिलं? मूळ पानावर ११ निघाले.

वनस्पतींची लॅटिन नावं इंग्रजी इटालिकमध्ये होती, ती सगळी सरळ होऊन आली. अडुळशाच्या ‘अधाटोडा’तला एच तर बी झाला, कारण त्या ठशात त्याचा पाय आत वळलेला आहे. टेसरॅक्टसारखं सॉफ्टवेअरही चौथ्या आवृत्तीपासूनच्या नव्या पद्धतीत अक्षर ओळखतं, ते तिरपं होतं का हे सांगत नाही. म्हणजे ते काम माणसानंच करायचं. पानाला १८ रुपये घेताना हे आधी सांगायला हवं होतं.

वर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, “काकू, आकडे इंग्रजी केलेत, सर्च सोपा जातो.” सगळे परत देवनागरी करून घेतले. दुरुस्तीचे पैसे मात्र घेतले नाहीत, दोन फेऱ्या हसत करून दिल्या.

दुसरं पुस्तकही त्यांच्याकडेच देईन. फक्त औषधांच्या मात्रांची पानं घरी तपासणार. आता रोज दुपारी आई भिंग धरून मूळ पान वाचते, “एक, दोन उभ्या, तोळा,” आणि मी पडद्यावर बोट ठेवून बसते.