मानेत की जांघेत?

लघवी थांबलेली, पोटॅशियम वाढलेलं, पेशंटला धाप लागलेली. डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, "आज रात्रीच डायलिसिस लावायचं, त्यासाठी मोठ्या शिरेत कॅथेटर, म्हणजे नळी, टाकतोय, इथं सही करा." फॉर्मवर धोक्यांची लांबलचक यादी असते. ती अर्धी वाचून नातेवाईक आम्हा टेक्निशियन लोकांना गाठतात : "दादा, नळी मानेत टाकलेली बरी की जांघेत?" जागा डॉक्टरच ठरवतात. पण ती का ठरवली, हे कळलं की सही करताना हात कमी थरथरतो.

टाकायची रीत दोन्हीकडे सारखीच. सुईने शीर गाठायची, सुईतून बारीक तार सरकवायची, वाट रुंद करायची आणि तारेवरून नळी आत घालायची. नळी चारेक मिलिमीटर जाड असते. सलाइनच्या सुईशी तिची तुलना करू नका.

मानेतली, त्यातही उजव्या बाजूची शीर सरळ हृदयाकडे उतरते. रक्ताचा प्रवाह चांगला मिळतो, पेशंट उठून बसतो, चालतो. अडचण अशी की तिला अगदी लागून मेंदूकडे जाणारी मोठी धमनी आहे. नुसती सुई धमनीत गेली तर काढून दाबून धरलं की बहुतेक वेळा भागतं. जाड नळीच गेली तर मात्र ती तिथल्या तिथे उपसायची नाही, सर्जनला बोलवायचं. फुप्फुसाचं टोकही जवळच, त्याला टोचलं तर छातीत हवा भरते. म्हणून मानेतल्या नळीनंतर आधी एक्स-रे आणि मगच डायलिसिस. उशीर होतोय म्हणून त्या एक्स-रेवर चिडणारे पुष्कळ भेटतात. तार हृदयाला टेकली की मॉनिटरवर ठोके चुकायला लागतात. तार जरा मागे घेतली की सहसा थांबतात, पण त्या काही सेकंदांत खोलीत कुणी बोलत नाही.

जांघेत फुप्फुसाचा प्रश्नच नाही. धाप लागून ज्याला आडवं होताच येत नाही, त्याला मानेतल्या नळीसाठी डोकं खाली करून झोपवणार कसं? तिथे डोकं थोडं उंच ठेवूनही जांघेतली नळी टाकता येते. रक्त आलं तर दाबायला जागा आहे. मात्र सुई फार वर लागली तर रक्त पोटामागे साठत जातं. वरून पट्टी कोरडी, पण पेशंट कंबर दुखते म्हणतो आणि बीपी उतरत जातं. हा धोका मला सगळ्यांत फसवा वाटतो. शिवाय घाम, लघवी, संडास यांची जवळीक, पायाच्या शिरेत गुठळी होण्याची भीती आणि पाय दुमडायचा नाही हे बंधन. नळी आखूड पडली तर शुद्ध झालेलंच रक्त पुन्हा मशिनमध्ये खेचलं जातं, म्हणून इथे वीस सेंटिमीटर किंवा त्याहून लांब लागते.

जांघ म्हणजे इन्फेक्शन, हे समीकरणही तितकं सरळ नाही. 2008 साली फ्रान्समधल्या, अंथरुणाला खिळलेल्या 750 आयसीयू पेशंटवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नळीवर जंतू वाढण्यात एकंदरीत मोठा फरक दिसला नाही. फक्त लठ्ठ पेशंटमध्ये मान सरस ठरली आणि सडपातळ पेशंटमध्ये जांघ. टोचल्या जागी कातडीखाली रक्त साकळून येणारी गाठ मात्र मानेत जास्त : 3.6 टक्के, जांघेत 1.1. अर्थात, वॉर्डात हिंडणाऱ्या पेशंटला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

गळपट्टीच्या हाडाखालची शीर हा तिसरा पर्याय, तो शक्यतो नकोच. ती शीर पुढे अरुंद होते आणि त्या बाजूच्या हातात फिस्टुला (कायमच्या डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली सोय) करायची वाट बंद होऊ शकते.

माझं मत विचाराल तर धाप आहे, दोन-चार दिवसांचंच काम आहे, तर जांघ. एरवी उजवी मान. किडनी लवकर सुधारायची नसेल आणि काम दोन आठवड्यांपुढे जाणार असेल, तर कातडीखालून नेलेल्या, जास्त दिवस चालणाऱ्या नळीचं, म्हणजे पर्मकॅथचं आधीच विचारा. आणि सोनोग्राफीवर बघून टाकणार का, हेही विचारा. चुकीच्या टोचण्या त्याने खूप कमी होतात.

नळी बसल्यानंतरचं काम तुमच्याकडे. डायलिसिस सुरू होऊन तासभर झाला आणि पेशंट थंडीने कुडकुडायला लागला, तर एसीला दोष देऊन चादर पांघरू नका. आधी आम्हाला हाक मारा. नळीतलं इन्फेक्शन रक्तात उतरल्याचं ते लक्षण असू शकतं, आणि तेव्हा अँटिबायोटिक देण्याआधीच रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू आहेत का ती तपासणी) घ्यायचं असतं.