मॉडेल इंजिनात आवाज: कोणता साउंड डिकोडर, आणि तो बसवायचा कसा

साउंड डिकोडर म्हणजे मॉडेल रेल्वेच्या इंजिनात बसणारा, डीसीसीचे (रुळांतून जाणारे डिजिटल) आदेश वाचून मोटर, दिवे आणि आवाज चालवणारा छोटा सर्किट बोर्ड. तो घेताना पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'कोणत्या कंपनीचा?' असा असतो. तो खरं तर शेवटी यायला हवा. आधी इंजिनाची बॉडी उघडा, मोकळी जागा पट्टीने मोजा, सर्किट बोर्डवर कोणतं सॉकेट आहे ते पाहा, मोटर किती करंट खाते ते तपासा. या तीन उत्तरांनंतर यादीत दोन-तीनच डिकोडर उरतात. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात असू द्या: कानाला जाणवणारा फरक डिकोडरपेक्षा स्पीकर आणि त्याच्या पेटीमुळे जास्त पडतो. महागडा डिकोडर आणि उघडा स्पीकर यापेक्षा साधा डिकोडर आणि नीट बंद केलेली पेटी केव्हाही चांगली.

तयार संच की भरता येणारी फाइल

बाजारातले डिकोडर मुळात दोन जातींचे आहेत. साउंडट्रॅक्सचे त्सुनामी २ आणि इकॉनामी पहिल्या जातीत येतात. यांत आवाज कारखान्यातच भरलेले असतात आणि त्यातून हवा तो आपण सीव्हीचा (डिकोडरमधल्या क्रमांकित सेटिंगचा) आकडा बदलून निवडतो. डिझेल आवृत्तीत सीव्ही १२३ ने इंजिनाचा आवाज आणि सीव्ही १२० ने भोंगा बदलतो. वेगळं यंत्र लागत नाही, संगणक लागत नाही, इंजिन चालवायचा हातातला थ्रॉटल पुरतो. मर्यादाही तिथेच आहे: संचात जे नाही ते कधीच मिळणार नाही. त्सुनामी २ डिझेलसाठी ईएमडी, जीई, अल्को अशा इंजिन कंपन्यांनुसार वेगवेगळ्या आवृत्त्यांत मिळतो. अल्को इंजिनासाठी चुकून ईएमडीची आवृत्ती घेतली, तर ती चूक नंतर दुरुस्त होत नाही. इकॉनामीत निवड कमी, पण ज्याला एक-दोन साधी इंजिनं बोलकी करायची आहेत त्याला ती पुरते.

दुसऱ्या जातीत ईएसयूचा लोकसाउंड ५ आणि झिमोची एमएस मालिका. इथे आवाज म्हणजे एक फाइल. ती पुसून दुसरी भरता येते, म्हणजे आजचा डिझेलचा डिकोडर उद्या वाफेच्या इंजिनात जाऊ शकतो. लोकसाउंड ५ मध्ये १६ बिटचा आवाज आणि एका वेळी १० चॅनल वाजतात, त्यामुळे इंजिन, पंखा, ब्रेकची किंचाळी आणि भोंगा एकमेकांना दाबत नाहीत. पण फाइल भरायला ईएसयूसाठी लोकप्रोग्रामर लागतो, झिमोसाठी झिमोचं स्वतःचं यंत्र. एकाचं दुसऱ्याला चालत नाही. पुष्कळ विक्रेते हवी ती फाइल भरून देतात, तेव्हा एकाच इंजिनासाठी हे यंत्र घेण्यात अर्थ नाही. पाच-सहा वेगवेगळ्या इंजिनांचा बेत असेल, किंवा वेगवेगळ्या देशांची इंजिनं असतील, तर मात्र दुसरी जात निःशंक घ्यावी.

टीसीएस कंपनीचा 'वाव' (WOW) डिकोडर या दोन्हींच्या बाजूला बसतो. थ्रॉटलवरचं एफ८ बटण लागोपाठ चार वेळा दाबलं की इंजिनच बोलून पर्याय सांगतं आणि तुम्ही बटणाने निवडता. सीव्हीच्या आकड्यांचा ज्यांना मनापासून कंटाळा आहे त्यांनी हाच घ्यावा. साउंडट्रॅक्सचा ब्लूनामी फोनवरून ब्लूटूथने चालतो. डीसीसीचं कमांड स्टेशन (रुळांना आदेश पाठवणारं यंत्र) अजून घेतलेलं नसेल तर तोही विचारात घेण्यासारखा आहे.

मोटर कोण चांगली हाकतं

आवाजाच्या नादात हे विसरलं जातं. रांगत्या वेगात गचके बसत असतील तर आवाज कितीही सुंदर असो, डोळा फसत नाही. लोकसाउंड ५ मध्ये मोटरची जुळवणी आपोआप होते: इंजिन मोकळ्या सरळ रुळावर ठेवा, सीव्ही ५४ मध्ये ० लिहा, एफ१ दाबा. इंजिन क्षणभर पूर्ण वेगाने सुटतं आणि थांबतं, म्हणून पुढे एक-दोन मीटर जागा मोकळी हवी. कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) मोटर असेल तर आमचा कौल झिमोला. त्सुनामी २ चं बलस्थान वेगळं: मोटरवर भार आला की वाफेचे भकभक जड होतात, उतारावर हलके पडतात. मालगाडी चढावर ओढताना ते ऐकण्यासारखं असतं.

सॉकेट आणि त्यातले सापळे

८ पिनांच्या सॉकेटला स्पीकरची पिनच नसते. स्पीकरच्या दोन तारा वेगळ्या न्याव्या लागतात. प्लग उलटा बसला तर बहुधा काही जळत नाही: इंजिन उलट दिशेला पळतं आणि दिवे लागत नाहीत. ही खूण दिसली की प्लग फिरवून लावा. ६ पिनांच्या सॉकेटला स्पीकरही नाही आणि दिव्यांची निळी सामाईक तारही नाही. २१ एमटीसी, प्लक्स२२ आणि नेक्स्ट१८ यांत स्पीकरची जोडणी सॉकेटमधूनच जाते, त्यामुळे नवं इंजिन घेताना यांपैकी एखादं असेल तर काम निम्म्यावर येतं.

२१ एमटीसीत ११ वी पिन नसते, तीच दिशेची खूण. काही बोर्डांवर डिकोडर उताणा बसतो, काहींवर पालथा. पिन नसलेलं भोक जुळवूनच दाबा. दुसरी फसगत इथली अशी, की तिसरं आणि चौथं सहायक आउटपुट काही डिकोडरांत फक्त सिग्नल देतं, दिवा पेटवण्याइतका करंट देत नाही. बोर्डवर ट्रान्झिस्टर नसेल तर केबिनचा दिवा लागणारच नाही, आणि दोष मात्र एलईडीला दिला जातो. डिकोडर मागवण्याआधी बोर्डला कोणता प्रकार लागतो हे इंजिनाच्या माहितीपत्रकात पाहून घ्या.

सॉकेट नसलेलं इंजिन

इथेच सर्वांत जास्त डिकोडर जळतात, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच: मोटरचं एखादं टोक चॅसीला टेकलेलं असतं. जुनी वायरिंग काढल्यावर मल्टिमीटर बीपवर ठेवा. मोटरचं प्रत्येक टोक दोन्ही बाजूंच्या चाकांशी तपासा. एकूण चार मोजमापं, आणि चारही वेळा शांतता हवी. एकदाही बीप आला तर थांबा. ब्रशची पट्टी, मोटरचा स्क्रू, मोटरखालचा धातूचा क्लिप यांपैकी काहीतरी टेकतंय. तिथे कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी इन्सुलेशन टेप) किंवा प्लास्टिकचा स्क्रू वापरा.

मग करंट. १२ व्होल्ट डीसी द्या, अँमीटर मालिकेत जोडा, इंजिन वरून दाबून चाकं एक-दोन सेकंद अडवा. जो आकडा दिसेल तो डिकोडरच्या मोटर मर्यादेच्या आत हवा. लोकसाउंड ५ ची मर्यादा १.५ अँपिअर, त्याच्या छोट्या मायक्रो आवृत्तीची ०.७५. जुन्या उघड्या मोटरी याच्या पलीकडे जातात. तिथे मोटरच बदलणं शहाणपणाचं.

तारांचे रंग ठरलेले आहेत. लाल उजवा रूळ, काळी डावा रूळ, नारिंगी आणि करडी मोटरला, पांढरी पुढचा दिवा, पिवळी मागचा, निळी सगळ्या दिव्यांची सामाईक धन तार. जांभळ्या तारेपाशी मात्र थबका: साउंडट्रॅक्समध्ये जांभळ्या तारा स्पीकरच्या, ईएसयूमध्ये जांभळी सहायक आउटपुटची आणि स्पीकरच्या तपकिरी. सवयीने जोडलं तर चूक ठरलेली. एलईडीला १ किलो ओहमचा रोधक मालिकेत हवाच. १.५ व्होल्टचे जुने बल्ब असतील तर ते काढून एलईडी घालणंच बरं.

डिकोडर दुहेरी फोम टेपने चिकटवा. त्याला काळ्या इन्सुलेशन टेपमध्ये गुंडाळू नका. उष्णता अडते आणि लांब फेरीनंतर डिकोडर मध्येच बंद पडू लागतो.

स्पीकर

पडदा पुढे सरकतो तेव्हा मागे उलटी लहर निघते. पेटी नसेल तर या दोन लहरी एकमेकींना खातात आणि उरतो तो डबड्यातून आल्यासारखा पातळ आवाज. ११ बाय १५ मिलिमीटरचा 'शुगर क्यूब' स्पीकर एचओ (१:८७ प्रमाणाच्या) इंजिनात सहज मावतो. पेटीसकट लावला की आकारमानाच्या मानाने थक्क करणारं काम करतो. जागा असेल तेवढी पेटी खोल करा, खोलीमुळे खर्ज वाढतो. तारा बाहेर येतात त्या भोकाला पांढऱ्या गोंदाचा थेंब लावा आणि पेटीची कडही बुजवा. टाचणीएवढी फट राहिली तरी फरक ऐकू येतो.

दोन स्पीकर लावायचे तर हिशोब करा. ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४, मालिकेत जोडले की १६. लोकसाउंड ५ ला ४ ओहम चालतो. तुमच्या डिकोडरची किमान मर्यादा ८ असेल तर समांतर जोडणीत अँप्लिफायर तापून जातो. दोन्हींची धन-ऋण टोकं जुळली नाहीत तर एक पडदा पुढे आणि दुसरा मागे जातो, आणि आवाज वाढण्याऐवजी घटतो.

डाग देताना स्पीकरचं चुंबक सोल्डरिंग आयर्नचं टोक ओढतं आणि पडदा क्षणात जळतो. तार आधी कथील लावून तयार ठेवा, टोक एक सेकंदच टेकवा. पत्रा किंवा चॅसी कानशीने घासायची असेल तर स्पीकर टेबलावरसुद्धा ठेवू नका. लोखंडाचा कीस पडद्यावर बसला की कायमची खरखर.

रूळ मळले की आवाज तुटतो

साध्या डिकोडरमध्ये लक्षातही न येणारा क्षणभराचा खंड साउंड डिकोडरमध्ये ऐकू येतो: इंजिन बंद होऊन पुन्हा सुरू झाल्याचा आवाज येतो. जागा असेल तर कीप अलाइव्ह कॅपॅसिटर (रुळाचा संपर्क तुटला तरी क्षणभर वीज पुरवणारा) घालाच. डिकोडरशी जुळणारा, त्याच कंपनीने सुचवलेला घ्या. सुटा कॅपॅसिटर घेतलात तर त्याचं व्होल्टेज रुळावरच्या व्होल्टेजपेक्षा वर असू द्या, आणि चार्जिंगचं सर्किट डिकोडरमध्ये नसेल तर १०० ओहमचा रोधक आणि डायोड मध्ये घाला. नाहीतर रिकामा कॅपॅसिटर सुरुवातीलाच इतका करंट ओढतो की बूस्टरला (रुळांना वीज देणाऱ्या यंत्राला) शॉर्ट वाटतो. कॅपॅसिटर लावलेल्या इंजिनात डीसीवर, म्हणजे डीसीसीविना साध्या विजेवर, चालण्याची सोय बंद करा, म्हणजे सीव्ही २९ मधून ४ वजा. ती सुरू राहिली तर सिग्नल तुटताच इंजिन डीसी समजून सुसाट सुटू शकतं.

पहिल्यांदा वीज देताना

मुख्य रुळावर नाही, प्रोग्रामिंग ट्रॅकवर (सेटिंगसाठी वेगळ्या ठेवलेल्या रुळावर) ठेवा आणि सीव्ही ८, म्हणजे कंपनीचा क्रमांक, वाचा. ईएसयू १५१, साउंडट्रॅक्स १४१, झिमो १४५, टीसीएस १५३. आकडा आला की वायरिंगचा पाया बरोबर आहे. वाचन झालं नाही म्हणजे डिकोडर मेला असं नव्हे. डिकोडर उत्तर देतो ते मोटरमधून करंटचा छोटा धक्का घेऊन. मोटर जोडलेली नसेल तर उत्तरच येत नाही. मोठा कॅपॅसिटरही याच वेळी आड येतो, म्हणून तो आधी सोडवून ठेवता येईल असा छोटा प्लग त्याच्या तारेत घाला. काही जुन्या कमांड स्टेशनांचा प्रोग्रामिंग करंट साउंड डिकोडरला अपुरा पडतो. तिथे प्रोग्रामिंग बूस्टर लागतो.

वाफेच्या दोन सिलिंडरांच्या इंजिनाला चाकाच्या एका फेरीत ४ भकभक हवेत, तीन सिलिंडरांच्या बहुतेक इंजिनांना ६. चाकावर खडूची खूण करा, पहिल्या गतीपायरीवर मोजा आणि जुळवा. लोकसाउंडमध्ये त्यासाठी सीव्ही ५७ आणि ५८, झिमोत सीव्ही २६७.

सगळं जुळल्यावर एकूण आवाज खाली आणा: लोकसाउंडमध्ये सीव्ही ६३, साउंडट्रॅक्समध्ये सीव्ही १२८, झिमोत सीव्ही २६६. कारखान्यातून येणारी पातळी एका छोट्या खोलीत तीन इंजिनं चालवायला फारच मोठी असते. इंजिन दोन मीटरवर उभं करून, बोलता बोलता ऐकू येईल इतकाच आवाज ठेवा. त्या पातळीला छोट्या स्पीकरचं फाटणंही थांबतं.