हेवी ड्यूटी टॉर्च सेल: आतल्या कागदाला पैकीच्या पैकी

शाळेच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे संपलेला सेल फेकण्याआधी उघडून बघतोच. या वेळी 'हेवी ड्यूटी' छापलेला, झिंक-कार्बनचा १.५ व्होल्टचा मोठा सेल होता. शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून करवतीने उभा चिरला आणि सगळ्यात आधी कागद बघितला. माझ्या लेखी सेलची खरी परीक्षा तिथेच होते.

जस्ताचा डबा ही ऋण बाजू. मध्ये कार्बनची कांडी आणि तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइड व कार्बनच्या भुकटीचा घट्ट दाबलेला काळा गोळा, ही धन बाजू. दोघांच्या मध्ये जेमतेम एक क्राफ्ट पेपर, जस्ताकडच्या अंगाला खळ चोपडलेला. ही खळ झिंक क्लोराइडचं पाणी पिऊन फुगते आणि जस्ताला सगळीकडून चिकटून बसते. त्या ओलाव्यातून आयन (विद्युतभार असलेले कण) ये-जा करतात, पण इलेक्ट्रॉनला आतून वाट नाही. त्यांना बल्बमधून फिरूनच यावं लागतं. उजेड पडतो तो त्यामुळेच.

या जातीच्या सेलचा मूळ फ्रेंच संशोधक लेक्लांशे याने १८६६ साली या दोन बाजू वेगळ्या ठेवण्यासाठी मातीचं सच्छिद्र भांडं वापरलं होतं. पुढे पीठ-स्टार्चच्या जाड लगद्याचे सेल आले. लगद्याऐवजी पातळ कागद आला तशी आत जागा मोकळी झाली, काळा माल जास्त भरता येऊ लागला आणि तेवढ्याच आकाराचा सेल जास्त चालू लागला.

या सेलमध्ये कागदाची कड दुसऱ्या कडेवर चांगली चढवलेली आहे. तळाला पुठ्ठ्याची चकती नीट बसलेली, काळ्याचा कणही जस्ताला लागलेला नाही. मागे एका स्वस्त सेलमध्ये (नाव घेत नाही) कागद जोडावर अपुरा पडला होता. काळा माल थेट जस्ताला टेकलेला, आणि नेमका तिथेच पत्र्याला खोल खड्डा. असा सेल पाकिटातच स्वतःला खात बसतो, तुम्ही वापरा किंवा नका वापरू.

टॉर्च, घड्याळ, रेडिओ यांना हा सेल बिनधास्त घ्या. मोटरच्या खेळण्यात मात्र लवकर दमतो. एकदम जास्त करंट मागितला की आत आयनांची हालचाल पुरी पडत नाही. थोडा वेळ बंद ठेवला तर पुन्हा जरा सावरतो. अशा कामाला अल्कलाइनच हवा. त्यात कागदाऐवजी न विणलेल्या कापडाची नळी असते आणि आत जस्ताच्या भुकटीची जेल. तो मात्र कुणी घरी कापू नका. आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड कातडी आणि डोळे भाजतं.

एक गुण कापतो तो डब्यासाठी. जस्त झिजूनच वीज मिळते आणि तेच जस्त बाहेरची भिंतही आहे. टॉर्च मंद झाली की सेल लगेच काढा. भोक पडून पाणी बाहेर आलं की आधी स्प्रिंगच गंजते.