हीटर नसलेली माशांची दोन फुटी टाकी: नाशिकची थंडी आणि उन्हाळा काढल्यावरचा अनुभव

टाकीचं माप, फिल्टर, पंप वगैरे सगळ्यांना माहीतच आहे, नेहमीचं दोन बाय एक बाय एकचं किट, पन्नासएक लिटर पाणी बसतं. मेव्हण्याने दिवाळीत पोरांसाठी माशांसकट आणून दिलं. मासे कोणते, तर निऑन टेट्रा, दोन एंजल आणि गुलाबी रंगाचे विडो टेट्रा. दुकानदाराने त्याला छातीठोक सांगितलेलं की आपल्याकडे हीटर लागतच नाही. मुंबईत नसेल लागत हो, इथे डिसेंबरात निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो.

आता हीटर का नाही घेतला, तर त्याला कारण आहे. पन्नास लिटरला साधारण 50 ते 100 वॅटचा हीटर देतात. 100 वॅटचा दिवसात दहा तास चालला तरी रोजचं एक युनिट, महिन्याचे तीस. आमचं थंडीतलं बिल शंभर युनिटच्या आत बसतं आणि ते तसंच बसावं म्हणून मी घरभर दिवे बंद करत फिरतो. शंभरच्या वरच्या युनिटला पुढच्या स्लॅबचा रेट लागतो, आणि माशांपायी तो स्लॅब मी ओलांडणार नाही हे मी त्याच दिवशी घरात जाहीर केलं. मासे आपल्या पाण्यात राहणारे घ्यायचे, पाणी माशांसाठी तापवायचं नाही, एवढं सोपं आहे.

डिसेंबरच्या शेवटी पहाटे टाकीतलं पाणी 17 ला गेलं (साठ रुपयाचा काचेचा थर्मामीटर घ्या, बाहेरून चिकटवायची पट्टी निम्मं पाण्याचं आणि निम्मं खोलीचं तापमान दाखवते). आठवड्याभरात निऑन आणि एंजलच्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. व्हाइट स्पॉट, म्हणजे परजीवीमुळे होणारा रोग. दुकानदार म्हणे औषधाचे थेंब टाका आणि हीटरने पाणी तापवा! अहो, तुम्हीच म्हणालात ना हीटर लागत नाही? त्यावर त्याचं उत्तर, "जिवंत मालाची गॅरंटी नसते साहेब." थंड पाण्यात या परजीवीचं चक्र हळू फिरतं, आणि औषध लागू पडतं ते तो मासा सोडून पाण्यात उतरतो तेव्हाच, त्यामुळे गरम पाण्यात जे काम आठवड्यात होतं ते थंडीत लांबतच जातं. ठिपके गेले म्हणून औषध लगेच थांबवू नका. आमचे निऑन आणि एंजल गेले, विडो तेवढे वाचले.

आणि आता माझा खरा राग, लाइट. या किटच्या झाकणात गुलाबी-निळा एलईडी आहे, दुकानातही सगळ्या टाक्यांवर तोच. त्याच्याखाली कुठलाही मासा दागिना दिसतो. मी घरात पांढरा बल्ब लावला तेव्हा गुलाबी विडो फिकट गुलाबी निघाले, आणि फेब्रुवारीपर्यंत तर चक्क पांढुरके झाले. कारण तो रंग माशाचा नाहीच, पांढऱ्या विडोला तो बाहेरून दिलेला असतो, सुई टोचून किंवा रंगात बुडवून, आणि काही महिन्यांत उतरतो. दुकानदार म्हणतो खाणं बदला. काय खायला घालू, होळीचा रंग? मासे घ्यायला जाल तेव्हा लाइट बंद करायला लावा आणि बाजूने मोबाईलचा टॉर्च मारून बघा. त्याला राग येतो, येऊ दे. कपडा आपण दुकानाबाहेर उजेडात नेऊन बघतोच ना.

जानेवारीत मग स्वतः जाऊन थंडीचे मासे आणले, झेब्रा डॅनिओ, रोझी बार्ब आणि व्हाइट क्लाउड. व्हाइट क्लाउड चीनमधल्या ग्वांगझूजवळच्या डोंगरातल्या ओढ्यांचा, छोटासा, लाल शेपटीचा. 18 अंशात निऑन कोपऱ्यात बसायचे, हे मात्र खुशाल पळापळी करत होते. बिनहीटरच्या टाकीला हाच एक मासा, असं मी तेव्हा ओळखीच्या सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

ते आता मागे घेतो. एप्रिल संपता संपता पाणी 31 ला गेलं आणि व्हाइट क्लाउड वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि हा मासा मुळातच गार पाण्याचा. यूएसबीचा छोटा पंखा पाण्यावर लावला तर दोन-तीन अंश उतरतात (पाच वॅट फक्त, स्लॅबला धक्का नाही), पण पाणी उडून जातं, रोज भर घालावी लागते. तरी मेमध्ये निम्मे गेले. हीटर नाही याचा अर्थ लोक फक्त थंडी धरतात, आपल्याकडे मे महिनापण धरायला पाहिजे. गप्पी थंडीत जरा मलूल होतात पण मरत नाहीत, फक्त पिल्लं इतकी होतात की शेजारी दार उघडेनात. बेटा माशाला (फायटर) दुकानात छोट्या बरणीत ठेवतात म्हणून तो काटक आहे असं समजू नका, त्याला 24 च्या खाली सोसत नाही. गोल्डफिशला थंडी चालते, पण घाण इतकी करतो की दोन फुटी टाकी त्याला पुरत नाही, पोरांनी कितीही हट्ट केला तरी.

दोन्ही ऋतू निवांत काढले ते आपल्याकडच्याच माशांनी. झेब्रा डॅनिओ गंगेच्या खोऱ्यातला, रोझी बार्बही उत्तर भारतातल्या नद्यांचा, यांना थंडी आणि ऊन दोन्ही ठाऊक. डॅनिओला झाकण पक्कं लागतं, उडी मारतो. रोझी बार्ब तर दुकानात एकदम मळकट दिसत होता, 50 रुपये जोडी, गुलाबी लाइटखालीसुद्धा कोणी बघत नव्हतं. घरी रुळल्यावर नर तांब्यासारखे लालबुंद झाले, पांढऱ्या बल्बखाली, हे मुद्दाम सांगतो. मेव्हणा विचारत होता की हे किती हजाराचे. कोवळी झाडं कुरतडतात आणि लांब पंखवाल्यांचे पंख ओढतात, म्हणून गप्पीबरोबर ठेवू नका.

बाकी थंडीत तीन गोष्टी करा. पाणी दुपारी बदला, सकाळी गच्चीवरच्या टाकीचं पाणी बर्फ असतं आणि एकदम चार-पाच अंश उतरले की ठिपके हजर. टाकीच्या मागे आणि खाली थर्माकोल लावा, आणि खाणं निम्म्यावर आणा, थंडीत त्यांना पचत नाही आणि उरलेलं सडतं.

रोझी घेताना माद्या भांडून घ्या. दुकानदार जाळीत लाल नरच धरतो, पण नर खुलतो तो मादी समोर असली की. सहा घेतले तर चार माद्या मागा. माद्या फिकट असतात म्हणून त्यांचे पैसे कमी लावा असंही मी म्हणून बघितलं, ते काही त्याने ऐकलं नाही.