डचमनच्या खाणीतला हिस्सा: माझे साडेचार हजार डॉलर कसे गेले

फिनिक्सच्या पूर्वेला अपाचे जंक्शन गाव संपलं की सुपरस्टिशन डोंगर भिंतीसारखा समोर येतो. नऊ वर्षं मी तो बघतो आहे. त्याच्या पोटात 'लॉस्ट डचमन'ची सोन्याची खाण हरवली आहे, ही गोष्ट अ‍ॅरिझोनात शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. त्या खाणीतला 'हिस्सा' म्हणून मी एका माणसाला साडेचार हजार डॉलर दिले. या भागात आपली मराठी मंडळी बरीच आहेत आणि तो माणूस अजून गिऱ्हाईक शोधत हिंडतो आहे, म्हणून लिहितोय.

तो मला दगड-खनिजांच्या प्रदर्शनात भेटला. साठीचा, उन्हाने रापलेला, बोलायला अगदी शांत. पहिल्या दोन भेटींत पैशाचं नावही काढलं नाही. नुसती जेकब वॉल्ट्झची हकीकत सांगत राहिला. लोक डचमन म्हणायचे, पण होता जर्मन. 1891च्या ऑक्टोबरात फिनिक्समध्ये ज्युलिया थॉमस नावाच्या बाईच्या घरी तो वारला. जाता जाता तिला खाणीची जागा सांगून गेला म्हणतात. पुढच्या वर्षी ती शोधायला गेली आणि रिकाम्या हाताने परतली. मी घरी येऊन एकेक गोष्ट ताडून पाहिली. सगळं खरं निघालं.

मी फसलो तो इथेच. आमच्या गावाकडे गुप्तधन काढून देतो म्हणणारा कोणी पायाळू माणसाची गोष्ट घेऊन आला असता, तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. पण इथे साल बरोबर, नावं बरोबर, डोंगर तर डोळ्यांसमोर. ज्याच्या नव्याण्णव गोष्टी खऱ्या निघाल्या, त्याची शंभरावी तपासावी असं मनातच आलं नाही. एक गोष्ट मात्र त्याने गाळली होती: खाण सापडली नाही तेव्हा ज्युलियाबाईंनी नकाशे विकले, सात-सात डॉलरला, असं सांगतात.

मार्चमध्ये तो मला पेराल्टा वाटेने फ्रीमाँट सॅडलपर्यंत घेऊन गेला. खिंडीत पोचलं की वीव्हर्स नीडलचा सुळका एकदम समोर उभा ठाकतो. तिथे बसून त्याने फडक्यात गुंडाळलेला दगड काढला. पांढरी गारगोटी, तिच्यात पिवळी चमकती शीर. "दुपारी चारला या सुळक्याची सावली जिथे पडते, तिथला आहे," म्हणाला. दगड माझ्या हातात ठेवला आणि परत मागितलाच नाही. त्याच आठवड्यात मी दीड हजार दिले. मग शिक्का मारलेला खाणीच्या दाव्याचा, म्हणजे तिथे खणायच्या हक्काचा, कागद आला, त्यावर 'परवान्याचे' म्हणून आणखी तीन हजार. बायको विचारत होती, "पावती कुठेय?" मी तिच्यावरच चिडलो. त्याची आजही लाज वाटते.

शेवटी तो कागद घेऊन मी वनखात्याच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी तो वाचला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "किती दिलेत?" हा सगळा डोंगराळ भाग टाँटो राष्ट्रीय वनातला संरक्षित प्रदेश आहे. 1984 पासून तिथे खाणीचा नवा दावा लावताच येत नाही. माझ्या कागदावरची तारीख गेल्या वर्षीची होती.

घरी येऊन तो दगड बिनझिलईच्या टाइलवर घासला. खरं सोनं पिवळी रेघ सोडतं. माझ्या दगडाची रेघ काळपट हिरवी उमटली, म्हणजे पायराइट, सोन्यासारखं नुसतं चमकणारं खनिज. पाच मिनिटांचं काम होतं, ते मी मार्चमध्येच करायला हवं होतं.

पैसे गेले ते गेले. मला खरी धास्ती दुसरीच आहे. अ‍ॅडॉल्फ रूथ नावाचा माणूस 1931च्या जूनमध्ये हीच खाण शोधायला नकाशा घेऊन या डोंगरात गेला. डिसेंबरात त्याची कवटी सापडली. 2010च्या जुलैत युटाहून तिघे जण खाण शोधायला आले. त्यांचे अवशेष पुढच्या जानेवारीत मिळाले. जुलैत इथे पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो आणि वाटेत पाण्याचा भरवसा नाही. त्या माणसाचा मला आलेला शेवटचा मेसेज असा होता: जुलैत गर्दी नसते, नकाशा घेऊन एकटेच जा, दोन बाटल्या पाणी पुरे. तो मेसेज आणि तो कागद, दोन्ही मी पोलिसांकडे दिले आहेत.