शनिवार पेठेतल्या वकीलबाईंचं ऑफिस, जुन्या घराच्या कागदांसाठी नक्की जा

सोमवार पेठेतलं आमचं घर आजी गेल्यापासून, म्हणजे 2009 पासून बंद आहे. आजोबांनी 1971 ला दोन खोल्या आणि पुढचं अंगण विकत घेतलं पण सगळा व्यवहार स्टॅम्प पेपरवर, रजिस्ट्री झालीच नाही, त्यामुळे प्रॉपर्टी कार्डावर (सिटी सर्व्हेतल्या मालकीच्या नोंदीवर) नाव मूळ मालकाचंच राहिलं होतं. टॅक्स मात्र आम्ही न चुकता भरतोय.

आधी एका एजंटकडे गेलो होतो. "बारा वर्षं टॅक्स भरलाय ना, मग घर तुमचंच" म्हणाला, चाळीस हजार घेतले आणि करून काय दिलं तर लाइट बिल आईच्या नावावर. आईला तेव्हा फार मनस्ताप झाला.

मग इथे आलो. आजोबांचा कागद घड्यांवर फाटायला आलेला, मॅडमनी तो खिडकीपाशी नेऊन मागचा व्हेंडरचा शिक्कासुद्धा वाचला, झेरॉक्सला न देता मोबाइलवर फोटो काढले आणि प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून परत दिला. मग नीट समजावलं, की टॅक्सची पावती म्हणजे मालकी नाही. बारा वर्षांचं कलम (इतकी वर्षं दुसऱ्याचा ताबा राहिला तर मालकाचा हक्क संपतो) 1963 च्या मुदत कायद्यात खरंच आहे, 2019 ला सुप्रीम कोर्टाने तर असा ताबा असलेला माणूस स्वतःहून दावाही लावू शकतो असं सांगितलंय, पण ताबा उघड, सलग आणि मालकाच्या विरोधात असावा लागतो आणि तो कोर्टात सिद्ध करावा लागतो. "तुम्ही म्हणता विकत घेतलं, म्हणजे ताबा मालकानेच दिला, मग विरोधात कसा? आणि घराला तर कुलूप आहे." केस लावली असती तर फी त्यांनाच मिळाली असती, तरी नको म्हणाल्या. मला हेच सगळ्यात जास्त भावलं.

त्यांनी मूळ मालकाचे वारस शोधायला लावले. तिघं निघाले, त्यातल्या एका काकांना त्यांच्या वडिलांनी पैसे घेतल्याचं आठवत होतं, तिघांनीही सह्या दिल्या. नवीन खरेदीखत आईच्या नावाने केलं म्हणून स्टॅम्प ड्युटी 7 ऐवजी 6 टक्के लागली, तीही आजच्या रेडी रेकनरवर (सरकारने ठरवलेल्या दरावर), त्यामुळे पैसे बरेच गेले, वर रजिस्ट्रेशनचे 30 हजार. मग सिटी सर्व्हेत अर्ज, नोटीस, आणि कार्डावर आईचं नाव आलं. आईने ते कार्ड आधी आजोबांच्या फोटोसमोर ठेवलं.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी फोन करा, मॅडम खाली येतात. फी टप्प्याटप्प्याने, प्रत्येक वेळी पावती. एक स्टार कमी दिलाय कारण वारसांच्या कागदांना ठरल्यापेक्षा दोन महिने जास्त लागले आणि मधे कुणी कळवलं नाही. जाताना जुना कागद, टॅक्स पावती आणि सीटीएस नंबर (घराचा सिटी सर्व्हे नंबर) घेऊन जा, नाहीतर पहिली फेरी वाया जाते.