दुसरा ड्राइव्ह बसवायचाय: हार्ड डिस्क, साटा एसएसडी की एनव्हीएमई?

डेस्कटॉपमधली जागा संपत आली की आधी 'किती टीबीचा घेऊ' हाच विचार सुरू होतो. पण नव्या ड्राइव्हवर राहणार काय, हे ठरल्याशिवाय टीबी मोजण्यात अर्थ नाही.

फोटो, चित्रपट, जुनी कामं नुसती साठवायची असतील तर ३.५ इंची हार्ड डिस्क घ्या. दर टीबीमागे तीच स्वस्त पडते. ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेरे घेणारी) डिस्क सलग मोठी फाइल सेकंदाला साधारण १५० ते २५० एमबी वेगाने वाचते. चित्रपट बघायला एवढं पुष्कळ झालं. ती अडखळते बारीक फायलींपाशी. प्रत्येक फाइलसाठी डिस्क वाचणाऱ्या हेडला जागेवर पोचायला काही मिलिसेकंद लागतात, आणि एखादा मोठा प्रोग्रॅम उघडताना ही धावपळ शेकडो वेळा होते. घेताना सीएमआर की एसएमआर, तेही बघाच. सीएमआरमध्ये माहितीचे ट्रॅक सुटे असतात. एसएमआरमध्ये ट्रॅक छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, म्हणून बराच वेळ सलग लिहीत राहिलं की वेग कोसळतो. एकदा भरून ठेवायला ती चालेल, रोजच्या लिखाणाला नाही.

साटा एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारा, हार्ड डिस्कसारखाच साटा केबलने जोडायचा ड्राइव्ह. तिला साटाच्या सेकंदाला ६ गिगाबिटची मर्यादा आहे, म्हणून ती सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबते. हा आकडा हार्ड डिस्कच्या दोन-तीन पटच दिसतो, पण त्यावर जाऊ नका. आत फिरणारं काही नसल्याने बारीक फायली ती जवळजवळ लगेच शोधते, आणि हाताला जाणवतो तो हाच फरक. शिवाय आवाज नाही.

एनव्हीएमई ही बहुधा मदरबोर्डच्या एम.२ स्लॉटमध्ये थेट बसणारी एसएसडी; ती साटाऐवजी पीसीआयई या वेगवान मार्गावर चालते. तिचे आकडे डोळे दिपवतात: पीसीआयई ३.० वर सेकंदाला सुमारे ३५०० एमबी, ४.० वर ७००० पर्यंत. तरी साटा एसएसडीवरून इथे आल्यावर विंडोज किंवा ब्राउझर उघडण्यात फारसा फरक कळत नाही. मोठमोठ्या व्हिडिओ फायली सतत हलवणाऱ्यालाच त्याचा खरा उपयोग, आणि तोही दोन्ही टोकांना वेगवान ड्राइव्ह असतील तर. हार्ड डिस्कवरून कॉपी करताना वेग हार्ड डिस्कचाच राहतो. मात्र किमतीत फरक नसेल आणि स्लॉट रिकामा असेल, तर एनव्हीएमईच घ्या. निदान दोन केबल वाचतात.

स्लॉटचं मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. काही एम.२ स्लॉट फक्त साटा चालवतात, काही फक्त एनव्हीएमई. कित्येक मदरबोर्डवर एम.२ स्लॉट वापरला की एखादा साटा पोर्ट बंद होतो, आणि लोक उगाच जुनी डिस्क मेली म्हणून हळहळतात. साटा ड्राइव्हसोबत डेटा केबल बहुधा येत नाही. एसएमपीएस (पॉवर सप्लाय) मॉड्युलर, म्हणजे काढता येणाऱ्या केबलींचा, असेल तर दुसऱ्या एसएमपीएसची पॉवर केबल लावू नका: कनेक्टर बसतो, पण पिनांची जोडणी वेगळी असू शकते आणि ड्राइव्ह जळतो.

सध्या विंडोज हार्ड डिस्कवरच असेल, तर माझं मत ठाम आहे: दुसरी हार्ड डिस्क घेऊ नका. लहान का होईना, एसएसडी घ्या, विंडोज तिच्यावर टाका आणि जुनी साठवणीला ठेवा. इन्स्टॉल करताना जुनीची केबल काढून ठेवा, नाहीतर बूटच्या फायली तिच्यावरच राहू शकतात. आणि आतल्या दुसऱ्या ड्राइव्हला बॅकअप समजू नका. रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आला किंवा एसएमपीएस बिघडला तर दोन्ही ड्राइव्ह एकदम जाऊ शकतात.

नवा ड्राइव्ह जोडल्यावर 'धिस पीसी'मध्ये दिसत नाही म्हणून घाबरू नका. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तो इनिशियलाइझ (वापरासाठी तयार) करायचा, विभागणीची जीपीटी पद्धत निवडायची (जुन्या एमबीआर पद्धतीत साधारण २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही) आणि मग फॉरमॅट. क्लिक करण्याआधी डिस्कचा क्रमांक आणि आकार दोनदा वाचा.